फुग्यात मावेल तेवढं

माझ्या मोठ्या काकांना आमच्या गल्लीत सगळे फुगेवाले म्हणतात. काकांनी आयुष्यात एकही फुगा फुगवलेला नाही. लहान मुलं दार वाजवून लाल फुगा मागायची, तेव्हा काका दारात उभे राहून "संपले" एवढंच म्हणायचे. खरं काय ते समजावून सांगायला निदान तीन वाक्यं लागली असती, आणि एका दमात तीन वाक्यं बोलायची काकांना सवय नाही. काकू म्हणते, लग्नाला होकार देताना या माणसाने नुसती मान हलवली. ती होकाराची होती की मानेवर माशी बसली होती, हे तिला अजून कळलेलं नाही.

काकांचे फुगे चित्रकथेतले. पात्राच्या तोंडाजवळ पांढरा गोल असतो, त्याला शेपटी असते आणि पात्र काय बोलतं ते आत लिहिलेलं असतं, तो फुगा. त्यातली अक्षरं लिहायची हे काकांचं काम. पेन्सिलीने दोन बारीक रेघा मारायच्या, टाक शाईत बुडवायचा, बाटलीच्या काठाला एकदा टेकवायचा आणि श्वास धरून लिहायचं. वर वेलांटीला जागा, खाली उकाराला जागा, आणि मध्ये जे काय म्हणायचंय ते. आता हे काम संगणक करतो. काका दुकानांच्या पाट्या रंगवतात, दारावरच्या नावांच्या पट्ट्या करतात. पण अठ्ठावीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या 'कवडसा'चे एकसष्टच्या एकसष्ट अंक त्यांच्या हातचे होते.

कवडसा हा पिवळ्या पोशाखातला वीर. जिथून उजेड आत शिरतो तिथून तो शिरतो. दाराची चीर, छपराचं भोक, किल्लीचं छिद्र, त्याला काहीही चालतं. पाच वर्षांहून थोडा जास्त काळ तो दर महिन्याला निघायचा, मग प्रकाशकाने दुकान गुंडाळलं. तेव्हा तो चोरून वाचणाऱ्या मुलांना आता टक्कल पडलंय, पण नाव काढलं की अजून डोळे चमकतात.

हे काम तिघांचं होतं. चित्रकार आता हयात नाही. गोष्ट आणि संवाद लिहायचे ते सर. सर शाळेत शिकवायचे, म्हणून सगळ्या जगाचे सर, काकांचेही. सरांचा आवाज मला पहिलीपासून काढता येतो. "म्हणजे असं बघ, ज्याअर्थी तू हा प्रश्न विचारलास, त्याअर्थी तुला उत्तराची अपेक्षा असणार, आणि ती असावीच, नसती तर मला वाईट वाटलं असतं." सर वाक्याला फिरायला नेतात. त्याला बाग दाखवतात, नदी दाखवतात, चार ओळखीच्या लोकांना भेटवतात आणि अंधार पडायच्या आत घरी आणून सोडतात.

उलट चित्रकाराला अक्षरांचा राग. मी इतका जीव तोडून आभाळ काढतो आणि तुम्ही त्यावर गोणपाट टाकता, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो फुगा काढायचा लिंबाएवढा. सरांचं वाक्य कलिंगडाएवढं. मध्ये काका. पानं संध्याकाळच्या आत छापखान्यात जायची असायची, सरांच्या घरी फोन नव्हता, आणि प्रकाशक दारातून ओरडायचा की मावेल तेवढं लिहा आणि द्या.

काकांनी मावेल तेवढं लिहिलं. पहिल्यांदा एक विशेषण काढलं. काकू सांगते, त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या अंकात एक वाक्य काढलं आणि अर्धवट जेवले. दहाव्या अंकापर्यंत हात सरावला आणि जेवण व्यवस्थित सुरू झालं. खलनायक पानभर धमक्या द्यायचा, शहर बुडवीन, सूर्य झाकीन वगैरे, आणि त्यावर कवडसा म्हणायचा, "बघू." सरांच्या कागदावर तिथे अकरा ओळी होत्या. मुलं मात्र त्या "बघू"वर जीव टाकायची. गणिताचे मास्तर छडी घेऊन आले की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, बघू.

सगळ्यात गाजला तो शेवटचा अंक. कवडशाच्या आईच्या घराला एकच फट उरलेली असते आणि तिच्यातून शत्रूही आत येणार असतो. आई म्हणते, "जा आता. फट बुजवते मी." शेवटच्या चौकटीत कवडशाची पाठ आणि सुपारीएवढा फुगा. फुग्यात एकच शब्द: "बरं." मोठी माणसं त्या एका शब्दाची आठवण काढून अजून नाक ओढतात.

सरांना यातलं काही माहीत नव्हतं. आपलं छापून आलेलं वाचायचं नाही, असा त्यांचा नेम. तरुणपणी कुठल्याशा मासिकात त्यांची गोष्ट आली, तिच्यात छपाईच्या चौदा चुका निघाल्या आणि सरांना ताप भरला. तेव्हापासून भेटीचे अंक आले की सुतळी बांधून थेट माळ्यावर. लोक भेटून "बरं"चं कौतुक करायचे, तेव्हा सरांना वाटायचं की भाषणाची सुरुवात आठवून सांगताहेत. कारण त्यांच्या कागदावर भाषण "बरं"पासूनच सुरू होत होतं. पुढे आणखी सात ओळी होत्या.

हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. शाळेच्या तक्त्यासाठी शाई शोधायला मी काकांचं कपाट उघडलं, तर आत सरांच्या अक्षरातले कागद, आणि ओळींवर पेन्सिलीच्या बारीक तिरक्या रेघा. मी विचारलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्या आठवणीतलं त्यांचं सगळ्यात लांब भाषण केलं. "सरांना कळता कामा नये. मीच सांगणार आहे. वेळ येऊ दे. तू बोलू नकोस."

आतून काकू म्हणाली, ही जन्मायच्या आधीपासून येतेय ती वेळ, पायी निघाली असावी.

सर दर रविवारी सकाळी यायचे. दोन कप चहा, दोन तास सर बोलणार, काका ऐकणार आणि अधूनमधून "बरं" म्हणणार. अठ्ठावीस वर्षांतल्या प्रत्येक रविवारी काका आज सांगू म्हणून बसले आणि सरांना जिन्यापर्यंत पोचवून परत आले. दुसरं कुणी त्यांचा मित्र नव्हतं. सर यायचे बंद झाले तर रविवारचं करायचं काय, एवढीच त्यांना भीती होती, आणि ती मला स्वच्छ दिसत होती. मी गळ्याची शपथ घेतली.

मग या वर्षी कवडशाची मालिका निघाली. खरी माणसं, खरा पोशाख, तारेवर उडणारा नट. दिग्दर्शक स्वतः आमच्या घरी आला. मागच्या बाकावरून "बघू" म्हणणाऱ्यांपैकीच तो. प्रत्येक भागाचं नाव आणि सगळी नामावली काकांच्या हातच्या अक्षरात हवी, असं त्याचं म्हणणं. बोलायची पद्धत अशी की प्रत्येक गोष्ट दोनदा भारी. "काका, तुमचं अक्षर म्हणजे भारी, म्हणजे भारीच." तो जिना उतरेपर्यंत मला तो पाठ झाला होता. काका म्हणाले, बरं.

त्यांचं ऑफिस एका जुन्या फर्निचरच्या गोदामावर होतं. लाकडाच्या भुशाचा वास गेला नव्हता. कोपऱ्यात बिनडोक्याच्या पुतळ्यावर पिवळा पोशाख, त्याच्या बगलेत टाचण्या. भिंतीवर जुन्या अंकांतली पानं दाराएवढी मोठी करून लावलेली. कवडसा होणारा नट दोन उशांवर बसायचा, कारण आठवडाभर पट्ट्यांत लटकून त्याच्या मांड्या सोलल्या होत्या. चित्रीकरणाआधी सगळ्यांनी बसून संवाद वाचायचे होते; त्या वाचनाला बारक्या पात्रांची माणसं बोलवायची नाहीत असं ठरलं, आणि दिग्दर्शकाने मला आमच्या जिन्यात सरांच्या आवाजात दूधवाल्याशी बोलताना ऐकलं होतं. म्हणून पहारेकरी, पोपट, खलनायकाची सासू आणि कवडशाची आई एवढ्या सगळ्यांचं मी वाचायचं ठरलं.

अडचण पहिल्याच दिवशी निघाली. मालिकेचे संवाद सरांनी जपून ठेवलेल्या हस्तलिखिताच्या प्रतींवरून घेतले होते, आणि नट म्हणाला की हा असा बोलत नाही, हा तर मुख्याध्यापक वाटतो. दिग्दर्शकाने छापील अंक आणि सरांचे कागद शेजारी ठेवले आणि डोकं खाजवलं. काकांनी त्याला बाजूला नेलं. मी पाण्याच्या पिंपाशी होते, मला सगळं ऐकू आलं. सरांसमोर काढू नका, असं काका म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, विनंती आहे. दिग्दर्शक माणूस चांगला. त्याने तिथल्या तिथे ठरवलं की वाचन सरांच्या कागदावरून होईल, कापाकापी नंतर बघू. काकांनी मान खाली घातली. पुन्हा एकदा सरांच्या पाठीमागेच त्यांची वाक्यं कापायचं ठरलं होतं आणि त्या ठरवण्यात काका होते. परतताना बसमध्ये ते पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. खिडकी रंगवलेली होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं.

शेवटच्या भागाचं वाचन शनिवारी दुपारी. सर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. ते भिंतीकडे पाठ करून बसले, काका त्यांच्या शेजारी. मी आईचं वाचलं, "जा आता. फट बुजवते मी." नटाने पुढचं वाचलं, सगळंच्या सगळं. "बरं. तू म्हणतेस तर जातो. पण आई, अंधारात बसायची तुला सवय नाही, दिवा उशाशी ठेव. मी कुणाकुणाच्या घरात रोज शिरेन, फक्त आपल्या घरात नाही, आणि हे मला जन्मभर टोचत राहील..." सरांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. वाचून झाल्यावर त्यांनी रुमालाने चष्म्याच्या मागचं पुसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संपलं. काकांचा खांदा सैल पडलेला मी पाहिला.

इथेच मी गप्प बसायला हवं होतं.

चहा आला. सगळे मोकळे झाले. पोपट पुन्हा कर, म्हणाले, मी केला. दिग्दर्शक केला, भारी, म्हणजे भारीच, तो स्वतः खुर्चीवरून घसरायचा राहिला. सर केले. सर इतके हसले की कप खाली ठेवावा लागला. हसणारी खोली ही वाईट गोष्ट असते. ती अजून अजून मागते, आणि मी हावरट. नट म्हणाला, आता कवडसा कर.

मी विचार केला नाही. मी चष्मा नसताना चष्मा वर सरकवला, डावा खांदा थोडा उचलला, जमिनीवर काही पडलंय का ते बघितलं आणि म्हटलं, "बरं."

खोली हसून कोसळली. कारण ते काका होते, नखापासून केसापर्यंत काका. नट उशीवरून उठला आणि म्हणाला, "हाच. हाच कवडसा. एवढे दिवस हा इथेच बसलाय." सगळे काकांकडे बघून हसायला लागले. काकाही हसायचा प्रयत्न करत होते.

सरही हसत होते. हसता हसता मला म्हणाले, "सुरेख. आणि पुढचं?"

नटच भाबडेपणाने बोलून गेला, "पुढचं काय सर, एवढंच तर आहे." आणि त्याने सरांच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

सर वळले. उठले. दाराएवढ्या चौकटीजवळ गेले. नजर अधू झालीय, म्हणून नाक कागदाला टेकेल इतके जवळ. सुपारीएवढा फुगा मोठा करून थाळीएवढा झाला होता, आणि त्यात काकांच्या हातचा एक शब्द. सरांनी फुग्याच्या कडेवरून बोट फिरवलं, उरलेल्या ओळी कडेखाली दुमडून गेल्या असतील तर सापडाव्यात तसं. मग शेजारच्या पानावर गेले. मग त्याच्या शेजारच्या.

"बाकीचं कुठे आहे?" त्यांनी विचारलं. भिंतीलाच विचारलं.

काका उभे राहिले. "मावलं नाही."

"किती अंकांत?"

काका भिंतीवरच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघत गेले.

सर खुर्चीशी आले, आपले कागद पिशवीत भरायला लागले. मला वाटलं आता लांबलचक काहीतरी ऐकावं लागणार, ज्याअर्थी, त्याअर्थी. मला ते हवंही होतं. पण ते फार थोडं बोलले.

"आई गेली तेव्हा मी परगावी होतो. ते तिला लिहिलं होतं मी. दर रविवारी समोर बसत होतास, अरे, एकदा तरी."

ते जिना उतरले. एक हात कठड्यावर, एक पिशवीवर. काका त्यांना पोचवायला उठले आणि दाराशीच थांबले.

घरी येताना मी बसमध्ये तीनदा सॉरी म्हटलं. काका रागावले असते, एक थप्पड दिली असती तरी चाललं असतं. ते म्हणाले, "तू आवाज काढलास. तुझं काय." आणि तिकीट घडी घालून घालून तांदळाएवढं केलं. दोन वर्षं जपलेली शपथ मी टाळ्यांसाठी मोडली होती, तीही न बोलता, नुसता खांदा उचलून. त्या खोलीतलं हसणं अजून आठवतं आणि तोंड लपवावंसं वाटतं.

त्या रविवारी काकूने दोन कप मांडले. साडेदहाला एक उचलला.

महिन्याभराने टपालाने पहिलं पुडकं आलं. सुतळी तीच, माळ्यावरची. आत एक ते वीस अंक. सरांनी ते शेवटी उघडले होते आणि स्वतःच्या प्रती शेजारी ठेवून, वही तपासावी तसे लाल पेन्सिलीने तपासले होते. जिथे जिथे काकांनी कापलं होतं तिथे खूण, आणि समासात शेरा. काकू ते मोठ्याने वाचून दाखवायची. "हे वाक्य सोन्यासारखं होतं." "इथे खलनायक नेमका काय म्हणाला, हे वाचकाने स्वप्नात जाऊन विचारायचं का?" "अकरा ओळींचं 'बघू' झालं. वा." सतराव्या अंकात एक बरोबरची खूण होती आणि खाली बारीक अक्षरात, "हे काढलंस ते ठीक. माझं मलाच लांबलं वाटतंय." काकू हसली, मलाही हसू आलं. काका हसले नाहीत. ते शाळेतल्या मुलासारखे पाठ ताठ करून बसायचे आणि प्रत्येक खुणेपाशी थांबायचे. नंतर कपाटातला सरांचा कागद काढून आपण काय कापलं ते पुन्हा वाचायचे. विसावा अंक झाला तेव्हा त्यांनी आतून पांघरूण मागितलं. उन्हाळा होता.

दुसरं पुडकं आलं, तिसरं आलं. त्यात साठावा अंक होता आणि एकसष्टावा नव्हता.

तो वेगळा आला, लिफाफ्यात. काकांनी तो खिडकीपाशी नेऊन उघडला. शेवटच्या चौकटीवर लाल खूण नव्हती. शाईच्या पेनाने सरांनी त्या चौकटीच्या भोवतीने, पानाच्या चारी समासांतून, मुंगीएवढ्या अक्षरात सातही ओळी लिहिल्या होत्या. वरून सुरू होऊन उजवीकडे उतरत, खालून डावीकडे जात, पुन्हा वर. वाचायला पान हातात गोल फिरवावं लागत होतं. काकांनी ते फिरवलं. जिथे ओळी संपत होत्या तिथे सरांनी एकच शब्द वेगळा लिहिला होता: "मावतं."

मी दुसऱ्या खोलीत गेले. आपल्या माणसाला इतकं लाजताना बघणं बरं नव्हे, विशेषतः ते आपण घडवून आणलेलं असताना.

मालिका पूर्ण होत आली होती. दिग्दर्शकाने निरोप पाठवला की शेवटी "बरं" एवढंच ठेवलंय, लोक तेच मागतील. आणि नामावलीत संवादाच्या पाटीवर सरांचं नाव लिहा, खाली तुमचंही लिहा, कारण तो कवडसा तुमच्याच तोंडाने बोलतो. हे योग्यच होईल, असं त्याने दोनदा कळवलं.

काकांनी जाड कागद कापला. रेघा मारल्या. टाक बाटलीच्या काठाला टेकवला. आता एका दमात ओळ होत नाही, म्हणून दोन अक्षरांच्या मधल्या जागेत श्वास घेतात. 'संवाद' लिहिलं, खाली सरांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, एकही अक्षर आखूड न करता. मग टाक धुतला.

गोदामावरच्या त्या ऑफिसात ते आता जात नाहीत, म्हणून पाटी मी घेऊन गेले. दिग्दर्शकाने ती उजेडात धरली, भारी म्हणाला, एकदाच. मग खाली बघितलं. खाली चांगली दोन वीत जागा मोकळी होती. त्याने विचारलं, काकांचं नाव कुठे आहे.

तेव्हा पोशाख टाचणारी बाई आणि नट दोघंही तिथे होते, आणि मी काहीतरी करून दाखवेन म्हणून माझ्याकडे बघत होते. खांदा आपोआप उचलायला लागला होता. मी तो दाबून धरला आणि माझ्याच आवाजात, जो मी फारसा वापरत नाही आणि जो फारसा चांगलाही नाही, म्हटलं, "मावलं नाही म्हणाले."

सर अजून आलेले नाहीत. रविवारी दोन कप मांडले जातात.